काडतुसाचें पितळ

एखाद्या माणसाचें खरें स्वरूप ऐन प्रसंगीं बाहेर आलें म्हणजे त्याचें पितळ उघडें पडलें, असें आपण म्हणतों. वरचा सोनेरी मुलामा झिजतो आणि आंतला धातु दिसूं लागतो, ही त्यांतली कल्पना. परंतु बंदुकांच्या इतिहासांत पितळ उघडें पडण्याचे जे प्रसंग आले, ते केवळ बोलण्यापुरते नव्हते. काडतुसाची दारू ज्या लहानशा नळकांड्यांत भरलेली असते, तें नळकांडें पितळेचें असतें. त्याला पुंगळी म्हणतात. लढाईच्या ऐन क्षणीं ही पुंगळी अडकली, चिरली किंवा फुटली, तर हातांतील उत्तम बंदूक लाकडी दांडक्याहून अधिक उपयोगाची राहत नाहीं. आणि नवल असें कीं, त्या क्षणीं दिसून येणारा दोष त्या क्षणीं उत्पन्न झालेला नसतो. कित्येक महिने, कधीं कित्येक वर्षें अगोदर, पुंगळी अजून रिकामी असतांना तो कोणाच्या तरी हातून तिच्यांत राहून गेलेला असतो.

इतिहास लिहिणारे सेनापतींचीं नांवें सांगतात आणि तोफांची संख्या देतात. रिकाम्या पुंगळीवर कोणते संस्कार झाले, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. तरीहि हा प्रश्न शिपायांच्या जिवाशीं जडलेला आहे, आणि त्याचें एक महत्त्वाचें उत्तर हिंदुस्थानच्या पावसाळ्यांतून मिळालेलें आहे.

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. पण तो घरोघर पोंचला १८५७ सालीं. त्या वेळचें काडतूस कागदाचें असे. एन्फील्ड रायफलीसाठीं दारू आणि गोळी कागदाच्या पुडींत बांधीत व पुडीला वंगण लावीत. शिपायानें ती दांतांनीं तोडावयाची, दारू नळीच्या तोंडांतून आंत ओतावयाची आणि मग गोळी गजानें ठासावयाची, अशी रीत होती. त्या वंगणांतील चरबीच्या वार्तेनें काय अनर्थ ओढवला, २९ मार्च रोजीं बराकपूर येथें मंगल पांडे यानें काय केलें, आणि १० मे रोजीं मीरत येथें वणवा कसा पेटला, हें शाळेंतील मुलांनाहि ठाऊक आहे. येथें सांगावयाचें तें इतकेंच कीं, कागदाच्या काडतुसांत दोष अनेक असले तरी एक सोय होती. बार उडाल्यावर तें मागें कांहीं ठेवीत नसे. त्याला जपण्याचा, धुण्याचा किंवा पुन्हां वापरण्याचा प्रश्नच नव्हता.

लवकरच तो प्रश्न उत्पन्न झाला. १८६६ सालीं ब्रिटिश सैन्यानें जुन्या एन्फील्ड बंदुकांना स्नायडर पद्धतीची मागची झडप बसविली, आणि बंदूक तोंडांतून भरण्याऐवजीं मागून भरली जाऊं लागली. शिपायाचा वेळ वांचला. परंतु नळीला मागें एक उघडा दरवाजा झाला. पेटलेल्या दारूचा वायु त्या फटींतून शिपायाच्या तोंडावर येऊं नये, म्हणून काडतुसालाच दरवाज्याचें काम करणें भाग पडलें. नळीच्या मागच्या भागांत काडतूस बसण्याची जी जागा असते तिला कोठी म्हणतात. बार उडतांना पुंगळीनें फुगून कोठीच्या भिंतीला घट्ट चिकटावें, म्हणजे वायु मागें येणार नाहीं. लागलीच तिनें थोडें आकसून सैल व्हावें, म्हणजे आंकडा तिला ओढून बाहेर काढूं शकेल. ही दोन्ही कामें क्षणार्धांत व्हावयाचीं असतात. कागदाला तें साधणारें नव्हतें. तांबें फुगतें, पण पुरतें मागें येत नाहीं. शंभर भागांत सत्तर भाग तांबें आणि तीस भाग जस्त असें जें पितळ होतें, त्याच्या अंगीं मऊपणा आणि स्प्रिंगसारखा ताठपणा हे दोन्ही गुण आणतां येतात. म्हणून काडतुसाला अखेर पितळच मानवलें.

हा निर्णय मात्र सुखासुखीं झाला नाहीं. २५ जून १८७६ रोजीं अमेरिकेंत माँटानाच्या मुलुखांत लिटल बिगहॉर्न नदीकांठीं सेनाधिकारी कस्टर आणि त्याच्या बरोबरची तुकडी तेथील सू व शायेन लोकांच्या हातून नष्ट झाली. तिच्या स्प्रिंगफील्ड बंदुकांचीं काडतुसें तांब्याचीं होतीं. तापलेल्या कोठींत तांब्याची पुंगळी कधीं कधीं चिकटून बसे आणि शिपाई सुरीच्या टोकानें ती उकरूं पाही. पुष्कळ वर्षें त्या पराभवाचें खापर या तांब्यावर फोडण्यांत आलें. पुढें १९८४ व १९८५ सालीं त्या रणभूमीवर उत्खनन झालें, तेव्हां सांपडलेल्या पुंगळ्यांपैकीं थोड्यांवरच अशा उकरण्याच्या खुणा आढळल्या. पराभव तांब्यामुळें झाला, असें आज म्हणतां येत नाहीं. परंतु दोष खोटा नव्हता. अमेरिकी सैन्यानेंहि यथाकाल तांबें सोडून पितळ धरलें.

इंग्रजांनीं पितळ आधींच धरलें होतें. पण त्यांचें पितळ अर्धवट होतें. वुलिच येथील रॉयल लॅबोरेटरीचे अधीक्षक कर्नल बॉक्सर यांनीं केलेल्या काडतुसाची पुंगळी ही पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी होती, आणि तिच्या बुडाला लोखंडी चकती जोडलेली असे. १८७१ सालीं स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीलाहि असेंच काडतूस मिळालें. कवायतीच्या मैदानावर त्यानें चांगलें काम दिलें. १७ जानेवारी १८८५ रोजीं सूदानांतील अबू क्ली येथें मात्र त्याची कसोटी लागली. खार्टूमच्या वेढ्यांत अडकलेल्या जनरल गॉर्डनच्या सुटकेसाठीं वाळवंटांतून निघालेल्या ब्रिटिश सैन्याच्या चौकोनावर महदीच्या अनुयायांनीं झडप घातली, आणि चौकोन एका अंगानें फुटला. नळ्या तापलेल्या, कोठींत वाळू शिरलेली, आणि पत्र्याची गुंडाळी ऐन हातघाईंत अडकूं लागलेली, अशी अनेकांच्या बंदुकांची अवस्था झाली. कर्नल बर्नबी याच लढाईंत पडला. चौकोन सांवरला आणि सैन्य पुढें गेलें. पण तें खार्टूमला पोंचण्यापूर्वींच, २६ जानेवारी रोजीं, गॉर्डन मारला गेला. त्यानंतर ब्रिटिश सैन्यांत गुंडाळीची पुंगळी मागें पडली, आणि एकाच तुकड्यांतून ओढून काढलेली सलग पुंगळी आली.

सलग पुंगळी कशी होते, हें समजल्यावांचून पुढील हकीकत समजणार नाहीं. जाड पितळी पत्र्यांतून नाण्यासारखी चकती कापतात. दाबयंत्रांत तिची वाटी करतात. ती वाटी एकाहून एक अरुंद साच्यांतून रेटीत रेटीत लांब नळकांडें बनवितात. प्रत्येक वेळीं साच्यांतून रेटतांना पितळ कठीण होत जातें. तसेंच पुढें रेटलें तर तें चिरतें. म्हणून दर टप्प्यानंतर तें सुमारें ६०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून मऊ करतात, सौम्य गंधकाम्लांत धुवून त्यावरची काजळी काढतात, आणि मग पुन्हां साच्यांत घालतात.

पुण्याच्या तांबट आळीला यांत नवें असें कांहीं वाटलें नसतें. पत्र्यावर हातोडी चालली कीं पत्रा कठीण होतो, हें तांबटाचा हात जाणतो. म्हणून तो ठोकणें मध्येंच थांबवून भांडें भट्टींत धरतो, लाल होऊं देतो, आणि मग पुन्हां मठारूं लागतो. त्या आळीपासून कांहीं मैलांवर खडकी येथें १८६९ सालीं दारूगोळ्याचा सरकारी कारखाना निघाला. तेथील हत्यारें वेगळीं आणि हेतु वेगळा; पण धातूचा स्वभाव तोच. फरक असला तर इतकाच कीं, तांबटाला भांडें सर्वत्र सारखें हवें असतें, आणि पुंगळीचे दोन टोकांचे दोन धर्म असावे लागतात. बूड कठीण हवें, कारण बाराचा सारा जोर तेथें येतो; .३०३ इंची रायफलींत हा जोर दर चौरस इंचास १८ टनांच्या घरांत असतो. तोंड आणि गळा मात्र मऊ हवा, कारण त्यानें गोळीला धरावयाचें आणि बाराच्या वेळीं न चिरतां फुगावयाचें असतें. म्हणून अगदीं शेवटीं पुंगळीचें तोंड तेवढें आंच देऊन मऊ करतात आणि बुडाला ती आंच लागूं देत नाहींत. ही साधी दिसणारी शेवटची आंच म्हणजे पुंगळीचा मुख्य संस्कार होय.

पितळ महाग असतें. दारू जळते, गोळी जाते, टोपी फुटते. पण पुंगळी जवळच पडते, आणि ती काडतुसांतली सर्वांत किंमतवान वस्तु असते. तेव्हां ती पुन्हां भरावी, हा विचार मनांत येणें साहजिक होतें. त्याला सर्वांत मोठें क्षेत्र मिळालें अमेरिकेच्या पश्चिमेकडील माळरानांवर. १८७० नंतरच्या दशकांत तेथें रानगव्यांची शिकार करून कातडीं विकणारे लोक शेंकडों मैल फिरत. दुकान दूर, काडतुसें महाग. म्हणून ते शिशाच्या लगडी, दारूचीं पिंपें आणि टोप्यांच्या डब्या गाडींत घालून नेत, आणि दिवसभरांत उडालेल्या पुंगळ्या रात्रीं शेकोटीजवळ बसून भरून ठेवीत. या उद्योगानें घडवून आणलेला संहार मोठा होता. लाखोंनीं मोजले जाणारे कळप विरळ होत गेले, आणि १८८९ सालीं जेव्हां मोजदाद झाली, तेव्हां सर्व उत्तर अमेरिकेंत हजाराच्या आसपासच जनावरें उरलेलीं आढळलीं. पुन्हां भरतां येणारी पुंगळी ही त्या संहाराची एक मूक साधन होती, हें विसरतां येत नाहीं.

पुढें अमेरिकी सैन्यानेंहि नेमबाजीच्या सरावाचा खर्च वांचविण्यासाठीं उडालेल्या पुंगळ्या पुन्हां भरण्याची रीत घातली. १८८४ सालीं न्यू हेवन येथें जॉन बार्लो यानें ‘आयडियल’ नांवाची कंपनी काढली आणि हातांत मावेल असें पुंगळी भरण्याचें हत्यार घरोघर पोंचविलें. येथें इतिहासानें एक गंमत केली आहे. टोपी बसविण्याच्या दोन रीती प्रचारांत आल्या. एक इंग्रज बॉक्सर यांची. हींत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असतें, आणि आंतून सळई घालून जुनी टोपी सहज पाडतां येते. दुसरी अमेरिकन बर्डान यांची. हींत ऐरण पुंगळीलाच जडलेली असते व छिद्रें बाजूला असतात, त्यामुळें टोपी काढणें कठीण. पुढें अमेरिकेनें इंग्रजाची रीत उचलली, आणि युरोपांतील बहुतेक सैन्यांनीं अमेरिकनाची. अमेरिकेंत पुंगळी घरीं भरण्याचा छंद टिकला, त्याचें एक कारण या एका छिद्रांत आहे.

उडालेली पुंगळी पुन्हां भरणें म्हणजे रिकामी बाटली पुन्हां भरणें नव्हे. बार झाल्यावर ती पूर्वीची राहत नाहीं. तिचें अंग कोठीच्या मापानें फुगलेलें असतें. पितळ पुढच्या बाजूस सरकून तिची लांबी किंचित् वाढलेली असते. गळा फुगून, आणि पुन्हां साच्यांत दाबला जाऊन, कठीण होत गेलेला असतो. बुडाच्या जरा वर, आंतल्या अंगानें, पितळ ताणून पातळ होऊं लागतें. तेथें पुढें पुंगळीचे दोन तुकडे होण्याचा संभव असतो. आणि आंत राख असते. सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या काळ्या दारूची राख हवेंतील ओल शोषून घेते आणि पितळ खाऊं लागते. म्हणून त्या काळचा जाणता नेमबाज मैदानावरून परत येतांच पुंगळ्या साबणाच्या पाण्यांत टाकी. भरण्याचें काम आठवड्यानें किंवा महिन्यानें करावयाचें असलें तरी धुण्याचें काम त्याच दिवशीं होई.

येथें या विद्येचें मर्म आहे. भरणें हें काम थोड्या वेळाचें. तयारी हें काम बऱ्याच दिवसांचें, आणि तें आधींच झालें पाहिजे. धुतलेली पुंगळी पुरती वाळावी लागते. आंत एक थेंब राहिला तरी दारू नासते. किती वेळा उडाली, कोणत्या खेपेची आहे, हें पाहून पुंगळ्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. दिवसाच्या उजेडांत एकेक हातांत घेऊन गळ्यावर भेग आहे काय, बुडाजवळ चकाकणारी पट्टी दिसते काय, हें पाहावें लागतें. लांबी वाढली असल्यास कापून मापांत आणावी लागते. नाहीं तर पुंगळीचें तोंड कोठीच्या टोकाशीं अडून गोळीला आवळून धरतें, आणि आंतला दाब धोक्याच्या मर्यादेपलीकडे जातो. गळा कठीण झाला असल्यास त्याला पुन्हां आंच द्यावी लागते. जुनी युक्ति अशी कीं, पुंगळ्या परातींत उभ्या करून त्यांच्या अंगापर्यंत पाणी घालावयाचें, आणि पाण्यावर राहिलेले गळे तेवढे ज्योतीनें तापवावयाचे. पाण्यामुळें बूड थंड व कठीण राहतें. बुडाला चुकून आंच लागली, तर ती पुंगळी फेंकून देण्यावांचून गति नाहीं. कारण मऊ बूड बाराचा जोर सोसत नाहीं, आणि तो जोर मग बंदूक धरणाराच्या चेहऱ्याकडे येतो. हीं कामें दारू मेजावर मांडल्यानंतर, घाईघाईनें करावयाचीं नव्हत. घाईंत डोळा भेग पाहत नाहीं.

इतकें करूनहि १८९० नंतर एक अनपेक्षित संकट उभें राहिलें. काळ्या दारूची जागा बिनधुराच्या दारूनें घेतली. राख जवळजवळ नाहींशी झाली, म्हणून लोक आनंदले. पण त्याच सुमारास पुन्हां भरलेल्या पुंगळ्या कांचेसारख्या तडकूं लागल्या. शोध घेतां कारण टोपींत सांपडलें. टोपींत पाऱ्याचें फल्मिनेट असे. तें पेटल्यावर पारा मोकळा होई. काळ्या दारूची पुष्कळ राख त्या पाऱ्याला आपल्या बरोबर घेऊन जाई. नवी दारू राख करीत नसल्यामुळें पारा सरळ पितळेंत मुरूं लागला, आणि पारा मुरलेलें पितळ ठिसूळ होतें. या दोषावर धुणें, घासणें, तापविणें, कशाचाच उपाय चालत नाहीं. अखेर टोपींतून पारा काढूनच तो दोष गेला. वरून स्वच्छ दिसणारी पुंगळी आंतून गेलेली असूं शकते, हा धडा अमेरिकेंत असा शिकला गेला.

तोच धडा दुसऱ्या रूपानें हिंदुस्थानांत शिकला जावयाचा होता. आणि येथें तर पुंगळी उडविण्याचीहि गरज पडली नाहीं. एकोणिसाव्या शतकांत ब्रिटिश सैन्याच्या असें ध्यानांत आलें कीं, हिंदुस्थानांत सांठवून ठेवलेलीं नवीं, एकदांहि न वापरलेलीं काडतुसें पावसाळ्यानंतर बाहेर काढावीं, तर त्यांच्या पुंगळ्यांना भेगा पडलेल्या असतात. पावसाळ्यांत सैन्याच्या हालचाली मंदावत, आणि दारूगोळा कोरड्या ऋतूची वाट पाहत पागांतून ठेवला जाई. भेगा बहुधा गळ्याशीं, म्हणजे पुंगळी गोळीवर आवळून बसविलेली असते तेथें, उभ्या पडलेल्या दिसत. कोणी ठोकलें नाहीं, कोणी टाकलें नाहीं, बार झाला नाहीं; आणि तरी धातु आपोआप चिरला. या प्रकाराला इंग्रजींत ऋतूच्या नांवानें ओळखूं लागले.

दोष पावसाळ्याच्या माथीं मारणें सोपें होतें. वरवर पाहतां तें खरेंहि दिसत होतें. कोरड्या महिन्यांत चीर पडत नसे, ओल्या महिन्यांत पडे. परंतु पाऊस तर घरोघरच्या पितळी भांड्यांवरहि पडत होता. आपल्या घरांतील घागरी आणि समया चिंचेनें व राखेनें घासल्या जात, वर्षानुवर्षें दमट हवेंत राहत. त्या काळवंडत, पण आपोआप चिरत नसत. मग काडतुसानेंच काय पाप केलें होतें?

या प्रश्नाचें पुरतें उत्तर १९२१ सालीं मिळालें. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन इंग्रज संशोधकांनीं त्या वर्षीं आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनीं दाखविलें कीं, ही चीर पडण्यास दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. पहिली गोष्ट पागेंतली. घोड्यांच्या मूत्रांतून अमोनिया वायु निघतो. नवसागर आणि चुना एकत्र चोळल्यावर जो नाकाला झोंबतो, तोच हा. दमट हवेंत तो पितळेवर बसतो आणि धातूच्या कणांमधील सांध्यांत शिरतो. दुसरी गोष्ट कारखान्यांतली. साच्यांतून थंडपणीं ओढलेल्या पितळेंत एक ताण कोंडलेला राहतो. ताणलेल्या धनुष्याची दोरी जशी दिसावयाला स्वस्थ असते, तशी ती पुंगळी दिसावयाला स्वस्थ असते. पण आंतून ती सतत स्वतःलाच फाडूं पाहत असते. ताण असलेली पुंगळी स्वच्छ कोरड्या हवेंत वर्षानुवर्षें टिकते. ताण काढलेली पुंगळी अमोनियांत ठेवली तर तिचा रंग जातो, पण ती चिरत नाहीं. दोन्ही एकत्र आलीं कीं ती आपोआप उलते.

या उत्तराचें महत्त्व केवळ रसायनापुरतें नाहीं. त्यानें न्याय केला. तोंवर जो दोष हिंदुस्थानच्या हवेचा मानला जात होता, त्याचा अर्धा वांटा हजारों मैल दूर, पुंगळी घडविणाऱ्या साच्यापाशीं निघाला. पावसाळ्यानें दोष निर्माण केला नव्हता. त्यानें पितळ उघडें पाडलें होतें. कारखान्यांतून निघतांना जी पुंगळी मापाला बरोबर, रंगाला चकचकीत आणि तपासणीस पुरी उतरलेली होती, तिच्यांत पुढच्या भेगेचें बीज तेव्हांच होतें. आणि अशी भेगाळलेली काडतुसें ज्याच्या कमरपट्ट्यांत जात, त्या शिपायाला यांतलें कांहींच ठाऊक असणें शक्य नव्हतें. भेगेंतून ओल शिरली तर बार फसे. भेग मोठी असली तर वायु मागें येई. ज्यानें चूक केली तो सुरक्षित, आणि ज्यानें भोगावें तो अजाण, अशी ही रचना होती.

दोषाचें मूळ कळल्यावर उपाय फार साधा निघाला. तयार पुंगळी २५० ते ३०० अंश सेंटिग्रेडच्या मंद आंचेंत कांहीं वेळ ठेवावयाची. हा ताव पितळेला मऊ करण्यास पुरत नाहीं, म्हणून बुडाचा कठीणपणा कायम राहतो. परंतु आंत कोंडलेला ताण त्यानें बराचसा निघून जातो. ताण गेला कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं परीक्षाहि ठरली. मासल्याची पुंगळी पाऱ्याच्या नायट्रेटाच्या द्रवांत बुडवावयाची. ताण शिल्लक असला तर थोड्याच मिनिटांत ती डोळ्यांदेखत चिरते. पागेंत पावसाळाभर लागणारा वेळ असा कांहीं मिनिटांवर आला. ज्या पाऱ्यानें पूर्वीं पुंगळ्यांचा घात केला होता, तोच आतां त्यांचा परीक्षक झाला.

आज सैन्यें आपल्या रायफलींच्या पुंगळ्या हातानें पुन्हां भरीत बसत नाहींत. परंतु अमेरिकेंत आणि इतर कित्येक देशांत हौशी नेमबाज अजूनहि तें काम घरच्या मेजावर करतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानें परवान्यावांचून काडतुसें तयार करण्यास बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. त्या नेमबाजांतील अनुभवी मंडळींची रीत अशी कीं, नेमबाजीचा हंगाम सरला कीं त्या वर्षाच्या पुंगळ्या धुवून, वाळवून, निवडून, मापांत आणून, गळे तापवून, कोरड्या डब्यांत चिठ्ठी लावून ठेवावयाच्या. पुढच्या हंगामास मग भरणें तेवढें उरतें. पितळ चकाकावें म्हणून अमोनिया असलेलें द्रव त्यावर चोळूं नये, असें ते नवशिक्यास आवर्जून बजावतात. तें कां, हें नवशिक्याला कदाचित् ठाऊक नसतें. त्या सूचनेच्या मागें हिंदुस्थानांतील पागा, तेथील पावसाळे आणि नाहक बदनाम झालेली एक हवा आहे.

पुंगळीच्या इतिहासांत मोठीं नांवें थोडीं आहेत. बॉक्सर, बर्डान, मूर, बेकिन्सेल, मॅलिन्सन हीं नांवें शाळेच्या पुस्तकांत येत नाहींत. आणि भट्टीशीं उभा राहून पुंगळ्यांचीं तोंडें मोजक्या आंचेंत धरणाऱ्या खडकीच्या किंवा वुलिचच्या कामगाराचें नांव तर कोठेंच लिहिलेलें नाहीं. परंतु त्याच्या हाताकडून आंच कमी पडली कीं अधिक झाली, याचा निकाल त्याच्या समोर लागत नसे. तो दूर कोठें तरी, वाळवंटांत किंवा डोंगराच्या खिंडींत, त्यानें कधीं न पाहिलेल्या माणसाच्या हातांत लागे. जें काम करतांना कोणी पाहत नाहीं आणि ज्याचें फळ करणाराच्या दृष्टीस पडत नाहीं, तें नीट करणें यासच पूर्वतयारी म्हणतात. पितळ तें विसरत नाहीं. वेळ आली कीं तें आपली हकीकत सांगतें, आणि त्या वेळीं ती दुरुस्त करण्यास अवकाश राहिलेला नसतो.